सुदानची ज्वारी कुणी खाल्ली?



वर्तमानपत्रात आफ्रिकेतल्या उपाशी माणसांचे फोटो येतात. पोट फुगलेलं पोर, हाडं वर आलेली बाई, मागं भेगाळलेली जमीन. खाली एक ओळ असते : दुष्काळाचे बळी. शहरातली भली माणसं हळहळतात, वर्गणी काढतात. आपल्या मीटिंगमध्येही कुणी म्हणतं, "पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार?"

आम्ही म्हणतो, ही ओळ फसवी आहे. पाऊस गेला हे खरं. पण पाऊस आपल्याकडेही जातो. सातपुड्यातल्या माणसाला सांगायला नको की एक वर्ष पीक बुडालं म्हणून माणूस लगेच मरत नाही. तो बकरी विकतो, मोह खातो, कंद खणतो, गुजरातेत ऊसतोडीला जातो, सोयऱ्याकडे जातो, रोजगार हमीवर खडी फोडतो. मरायची पाळी कधी येते? हे सगळे रस्ते बंद झाले म्हणजे. मग प्रश्न असा विचारला पाहिजे की हे रस्ते बंद कोण करतं? आभाळ तर करत नाही.

हे नीट समजायला आपण एकच देश घेऊ. सुदान. २०११ पर्यंत आफ्रिकेतला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा देश होता. इजिप्तच्या खाली, नाईल नदीवर. १ जानेवारी १९५६ ला इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. उत्तरेला वाळवंट, मध्ये काळी माती, आणि २०११ पर्यंत दक्षिणेला पाणथळ कुरणं आणि जंगल. आणि त्यांची भाकर कशाची? ज्वारीची. ज्वारीचं पीठ आंबवून पातळ किसरा भाजतात, नाहीतर आपल्या घाट्यासारखा घट्ट असीदा शिजवतात. पश्चिमेला दारफूरमध्ये बाजरी खातात. म्हणजे ताटात आपल्यापेक्षा वेगळं काही नाही.

पहिली चोरी कागदावर झाली

सुदानमध्ये गावोगावची जमीन टोळीच्या, गावाच्या नावानं चालत आलेली. कोणतं रान कुणी नांगरायचं, कोणत्या वाटेनं गुरं जायची, कोणत्या महिन्यात कुणी पाण्यावर यायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ. कागद कुणाकडेच नव्हता. कागदाची गरजच नव्हती.

१९७० साली निमेरीच्या लष्करी सरकारनं कायदा केला. ज्या जमिनीची सरकारदरबारी नोंद नाही ती सगळी जमीन सरकारची. पडीक असो, जंगल असो, कुणी नांगरत असो नसो. कुणी हटला नाही तर जबरदस्तीनं हटवायचा अधिकारही त्यात आला. एका सहीनं देशातले बहुतेक शेतकरी आणि गुराखी आपल्याच जमिनीवर अतिक्रमण करणारे ठरले.

ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे इंग्रजानं १८७८ ला आणि पुन्हा १९२७ ला जंगल कायदा केला. आपल्या आज्यानं ज्या रानात नेवाड काढलं ते राखीव जंगल झालं आणि आजा चोर झाला. भाषा वेगळी, खुर्ची वेगळी, पण युक्ती तीच : ज्याच्याकडे कागद नाही त्याचं काहीच नाही.

मग ती जमीन गेली कुणाकडे? सरकारनं १९६८ मध्येच यंत्रशेतीचं महामंडळ काढलं होतं. जागतिक बँकेनं त्याला कर्ज दिलं. पूर्वेला गेदारेफच्या बाजूला, आणि नुबा लोकांच्या डोंगराखाली हबीला भागात, हजार-हजार फेद्दानचे तुकडे पाडले. एक फेद्दान म्हणजे एकराहून थोडं जास्त. हे तुकडे भाड्यानं मिळाले व्यापाऱ्यांना, निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना, शहरातल्या साहेबांना. ट्रॅक्टर आला, झाडं पडली, नुसती ज्वारी पेरली. चार-सहा वर्षांत माती थकली की तुकडा टाकून द्यायचा आणि पुढचं रान धरायचं. नुबा शेतकऱ्याची पडीक ठेवलेली जमीन गेली. गुराख्यांच्या वाटांवर शेतं आली. ज्याचं शेत गेलं तोच त्या शेतात मजूर म्हणून उभा राहिला.

ही ज्वारी गरिबाच्या घरात गेली असं समजू नका. सुदान अरब जगाचं धान्याचं कोठार होणार अशी जाहिरात चालली होती. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुदानची ज्वारी जहाजात भरून सौदी अरेबियाला गेली. तिथं ती माणसांनी नाही, गुरा-कोंबड्यांनी खाल्ली.

मग पाऊस गेला

१९८३ ला पाऊस कमी. १९८४ ला तर दारफूर आणि कोर्दोफानमध्ये पार गेला. निमेरी सरकार कितीतरी दिवस दुष्काळ आहे हेच मान्य करीना. दुष्काळ म्हटलं तर कोठाराच्या जाहिरातीचं काय करायचं!

दारफूरच्या लोकांनी काय केलं ते ऐका, कारण वर्तमानपत्रातल्या फोटोत ते दिसत नाही. फोटोत ते हात पसरून बसलेले दिसतात. खरं तर ते बसले नव्हते. मुखेत नावाचं रानफळ आहे, कडू आणि विषारी. ते दिवसेंदिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून, कडूपणा काढून बायकांनी घरं जगवली. आपण काही कडू कंद असेच धुऊन-उकळून खातो ना, तसंच. लोक मजुरीला गेले, जळण विकलं, गवत विकलं. बियाणाची बाजरी कुणी खाल्ली नाही. भुकेलं पोर हात घालील म्हणून आयांनी बियाण्यात वाळू मिसळून ठेवली. पोट मारलं, पण पुढच्या वर्षीची पेरणी राखली.

तरीही त्या एका भागात जवळजवळ एक लाख माणसं जास्तीची मेली असा अंदाज आहे. बहुतेक लहान पोरं आणि म्हातारी. मेली ती गोवर, जुलाब, हिवतापानं. घाण पाणी आणि दाटीवाटीनं. म्हणजे धान्याच्या पोत्याइतकीच गरज चांगल्या विहिरीची आणि गोवराच्या लसीची होती. आपल्याकडे पावसाळ्यात पाड्यात पोरं जातात तेव्हा सरकारी कागदावर 'हगवण' लिहितात, 'भूक' लिहित नाहीत. तिथंही तसंच.

निमेरी त्यातून वाचला नाही. भाकरीचे भाव वाढले, खार्तूमची माणसं रस्त्यावर आली, आणि एप्रिल १९८५ मध्ये तो अमेरिकेहून परत येत असताना त्याची खुर्ची गेली. हे आपण लक्षात ठेवायचं. उपाशी माणूस एकटा मरतो, पण संघटित झाला तर सरकार पाडतो.

मरायची पाळी बंदुकीनं आणली

आता मुख्य मुद्दा. १९८४ च्या दुष्काळात बग्गारा गुराख्यांची गुरं मोठ्या प्रमाणात मेली. त्यांची कुरणं आधीच ट्रॅक्टरनं खाल्ली होती. म्हणजे हा माणूसही लुटलेलाच, आपल्यासारखाच. त्याच्या दक्षिणेला डिंका लोक. त्यांच्याकडे कुरणं होती, पाणी होतं, गुरं होती. दोघांची भांडणं जुनी होती, पण पंच बसायचे, गुरांचा दंड ठरायचा, मिटायचं. पंचांची ती व्यवस्था काही सोन्याची नव्हती, इंग्रजानंही तिचा वापर करून घेतला होता. पण १९७१ मध्ये निमेरीनं ती मोडली आणि तिच्या जागी भांडण मिटवणारं दुसरं काही दिलं नाही.

१९८३ ला दक्षिणेत लढाई पुन्हा पेटली. जॉन गरांगच्या पुढारपणाखाली बंडखोर फौज उभी राहिली. दक्षिणेच्या मागण्या जुन्याच होत्या : आमच्यावर खार्तूमहून राज्य नको, आमचं तेल आणि नाईलचं पाणी आम्हाला न विचारता नेऊ नका. सरकारला फौज पाठवायला पैसा नव्हता. त्यानं काय केलं? १९८५ पासून गुरं मेलेल्या बग्गारा पोरांच्या हातात बंदुका दिल्या. पगार नाही. डिंकांकडून जे लुटाल ते तुमचं. दुष्काळानं नागवलेल्या गरिबाला दुसऱ्या गरिबावर सोडलं. निमेरी गेला, निवडणूक झाली, सादिक अल-माहदी पंतप्रधान झाला, तरी हे थांबलं नाही. उलट वाढलं.

डिंका माणूस वाईट वर्षात कसा जगायचा? गुरं विकून उत्तरेची ज्वारी घ्यायचा. सुगीला उत्तरेत मजुरीला जायचा. नदीत मासे धरायचा, रानातलं बी-फळ वेचायचा. बंदूकवाले आले आणि एकेक रस्ता बंद झाला. गुरं हाकून नेली. कणग्या जाळल्या. वाटेवर माणूस दिसला की मार. पोरं-बाया पळवून नेल्या. नदीकाठी जायची चोरी झाली. घरातलं जनावर मूठभर धान्याला विकायची वेळ आली. मेंढीचा भाव पडला आणि ज्वारीचा चढला, दोन्हीकडून व्यापाऱ्याचं भलं.

१९८८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ही माणसं चालत उत्तरेकडे अब्ये, मेइराम अशा गावांत पोचली. मेइराम रेल्वेच्या रुळावरचं गाव. तरी तिथं एका टप्प्यावर आठवड्याला शंभरातली सात माणसं मरत होती. आठवड्याला! रुळ होते, डबे होते, धान्य होतं. १९८५ आणि १९८६ ला उत्तरेत पाऊस चांगला झाला होता आणि यंत्रशेतीत ज्वारीचे ढीग लागले होते. पण दक्षिणेकडे जाणारं धान्य वाटेत अडकायचं. रेल्वेत आधी लष्कराचा माल, मग व्यापाऱ्याचा माल, उपाशी माणसाचा नंबर शेवटी. त्या एका वर्षात युद्ध आणि भूक मिळून अडीच लाख माणसं मेली असा अंदाज सांगतात.

आणि सरळ बोलायचं तर बंडखोरांचेही हात स्वच्छ नाहीत. सरकारच्या ताब्यातल्या जुबा, वाऊ, मलाकाल या शहरांना त्यांनी वेढे घातले, रस्त्यात सुरुंग पेरले. ऑगस्ट १९८६ मध्ये मलाकालहून उडालेलं प्रवासी विमान पाडलं, त्यात ६० माणसं गेली आणि मदतीची विमानंही थांबली. मागण्या खऱ्या असल्या म्हणून पोरांच्या तोंडातला घास अडवायचा हक्क कुणाला मिळत नाही. भाकरीला हत्यार करणारा तो कुठल्याही झेंड्याखालचा असो, त्याला आपण साथी म्हणणार नाही.

पाऊस न पडूनही मारतो, पडूनही मारतो

या सगळ्यातून जीव घेऊन जे राजधानीला पळाले त्यांचं काय? खार्तूमच्या बाहेर गोणपाट, पुठ्ठा, मातीच्या झोपड्या. तिथं वर्षाकाठी पाऊस जेमतेम सहा-सात इंच. ऑगस्ट १९८८ च्या सुरुवातीला एका रात्रीत आठ इंचांच्या आसपास पडला. मागून नाईलला पूर. मातीची घरं विरघळली. दहा लाखांहून जास्त माणसं उघड्यावर आली. पक्क्या बंगल्यात पाणी शिरलं, झोपडी वाहून गेली. त्या झोपडीत कोण होतं? ज्यांचं गाव बंदुकीनं जाळलं होतं तेच.

दारफूरमध्येही तसंच. उत्तरेच्या वाळवंटाकडची कुरणं सुकली म्हणून उंटवाले गुराखी जेबेल मारा डोंगरातल्या फूर शेतकऱ्यांच्या जमिनीकडे सरकले. १९८७ पासून तिथं खेडी, शेतं, बागा पेटल्या. १९८९ मध्ये एल फाशेरला दोन्ही बाजूंना समोर बसवून तह केला.  पण कुरण कुणाचं, वाट कुणाची, हे मिटवल्याशिवाय बंदूक खाली राहायची नाही.

असं हे चाक फिरतं. जमीन गेली म्हणून दुष्काळ सोसवत नाही. दुष्काळानं गरीब नागवला म्हणून तो बंदुकीला मिळतो. बंदूक आली म्हणून पुढचा साधा दुष्काळही मारतो. या चाकात पाऊस फक्त एक आरा आहे, बाकीचे माणसांनी बसवलेत.

पोती आली, मग काय?

एप्रिल १९८९ पासून संयुक्त राष्ट्रसंघानं सरकार आणि बंडखोर दोघांशी बोलून धान्य न्यायचे रस्ते ठरवले. त्या रस्त्यांवर गोळी चालवायची नाही असं दोघांनी कबूल केलं. चांगली गोष्ट झाली. पोतं पोचलं त्या गावात पोर वाचतं, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण बघा, जे १९८९ ला जमलं ते १९८८ ला का जमलं नाही? माणसं मेल्यावर रस्ता उघडला. आणि ३० जून १९८९ ला पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. समझोत्याची बोलणी चालू होती ती तिथंच अडली. नवे सेनापती रस्ते कधी उघडणार, कधी बंद करणार, ते त्यांच्या मर्जीवर राहिलं.

१९८४-८५ ला दारफूरला अमेरिकेची ज्वारी आली तेव्हा लोकांनी तिला तिथल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलं. 'रेगन' आली म्हणायचे. ज्या देशानं आपली ज्वारी गुरांच्या चाऱ्यासाठी विकली त्याच्या माणसांना परक्याच्या नावाची ज्वारी खावी लागली. मदत देणाऱ्याचं नाव पोत्यावर असतं. जमीन नेणाऱ्याचं नाव कुठंच नसतं.

आपल्याला याच्याशी काय करायचं?

कुणी म्हणेल, सुदान कुठं, धडगाव-अक्कलकुवा कुठं. बरोबर. सुदान आणि सातपुडा एक नाही, आणि उगाच एक आहे म्हणून भाषण ठोकायचं नाही. इथं युद्ध नाही. १९७२-७३ ला महाराष्ट्रात पीक पार बुडालं, तरी सुदानसारखी माणसं मेली नाहीत. का? सरकार दयाळू होतं म्हणून? नाही. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, कारण जागोजागी माणसांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांना घेराव घातले. काम मागायला चालत जाता येत होतं. वर्तमानपत्रात छापून येत होतं. वाटेत कुणी गोळी घालत नव्हतं. त्याच लढ्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. म्हणजे मोर्चा काढायचा, बोलायचा, फिरायचा हक्क हा भाकरीचाच हक्क आहे. जमावबंदीचा हुकूम निघतो तेव्हा तो आपल्या कणगीवर निघतो असं समजा.

पण चाकाचे बाकीचे आरे इथं नाहीत असं नाही. जमीन कागदावर सरकारची आहे. १९७८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं हुकूम काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगल जमिनीवरची अतिक्रमणं कायम करू. तेवढ्यात १९८० चा जंगल कायदा आला आणि दिल्लीला विचारा म्हणून सगळं अडकलं. १९८९ पर्यंत अकरा वर्षं झाली, तरी किती जणांच्या हातात सातबारा आला होता? आणि गरिबावर गरीब सोडायची युक्तीही जुनी आहे. मेंढपाळाचा कळप आपल्या पिकात शिरतो तेव्हा आपण काठी घेऊन त्याच्यावर धावतो. त्याच्या चराईची वाट कुणी बंद केली हे विचारत नाही. बग्गारा आणि डिंकांनीही आधी एवढंच केलं होतं.

हल्ली अधिकारी, आणि आपल्यातली चार शिकलेली पोरंही सांगतात : जमिनीचं भांडण लांबतं, ते सोडा. खावटी मागा, रेशन मागा, हमीचं काम मागा, ते लगेच मिळतं. आम्ही म्हणतो, ते तर मागायचंच. पण जमीन सोडून नाही. खावटी एका पावसाळ्याची असायची आणि ती फेडावी लागायची. जमिनीत ज्वारी, मका, भगर, उडीद मिसळून पेरता येतं. एक बुडालं तर दुसरं हाती लागतं. बांधावर मोह आहे, वर रान आहे. जमीन हातात असलेला माणूस मजुरीला गेला तरी परत येतो. जमीन गेलेला कायमचा जातो, आणि मग त्याला कुणीही विकत घेतं, ठेकेदार असो नाहीतर बंदूकवाला. जमीन हा आपला दुष्काळाचा बंदोबस्त आहे. तो विकून पोतं घ्यायचं नाही.

म्हणून येत्या मोर्च्यात दोन्ही मागण्या एका तोंडानं बोलायच्या. तयारी अशी करा :

१) दंडाच्या पावत्या, जुन्या एकसाली प्लॉटचे कागद, केसचे समन्स, जे असेल ते जपा. ज्या पावतीनं आपल्याला चोर ठरवलं तीच आता आपण तिथं होतो याचा पुरावा आहे. घरात वाळवी असेल तर डब्यात ठेवा.

२) हमीच्या कामाची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. १५ दिवसांत काम नाही तर बेकार भत्ता हा हक्क आहे.

३) पाड्यात कुणी तापानं, जुलाबानं गेलं तर वय, तारीख, घरात धान्य किती होतं, विहीर कशी होती, हे वहीत लिहा. सरकार लिहिणार नाही.

४) मेंढपाळांशी भांडण निघालं तर काठी उचलायच्या आधी कार्यकर्त्याला बोलवा. त्यांच्या म्होरक्यांबरोबर बसून वाट आणि महिने ठरवू. फॉरेस्टवाल्याला पंच करायचं नाही.

५) बियाणं राखा. सोसायटी सुधारित देते म्हणून घरची ज्वारी, भगर मोडू नका.

सुदानच्या आयांनी बियाण्यात वाळू मिसळली, कारण पुढच्या वर्षी पेरायला जमीन आपली असेल असा त्यांना भरवसा होता. बंदुकीनं आणि कायद्यानं मिळून तो भरवसा काढून घेतला, तेव्हा त्या खरोखर भिकेला लागल्या. तो भरवसा आपल्याकडे अजून आहे. तो कुणाच्या दयेवर नाही, आपल्या एकीवर आहे.

जमीन नांगरेल त्याची, भाकर राबेल त्याची!
संघटना जिंदाबाद!